प्रपंचाचा हिशेब : दीड लाख किलोमीटर चाललेली गाडी घ्यावी का?

शिरोळ तालुक्यातील एका वाचकभगिनींचे पत्र आमच्याकडे आले आहे. नावगाव न देता त्याचा आशय येथे देतो, कारण हा प्रश्न आज अनेक घरांत आहे.

या भगिनींच्या सासऱ्यांचे मूत्रपिंड निकामी झाले असून त्यांना आठवड्यातून तीन वेळा डायलिसिससाठी मिरजेस न्यावे लागते. अंतर एका बाजूने सुमारे 25 किलोमीटर. पती सूतगिरणीत पाळीच्या नोकरीवर आहेत. गावातील भाड्याची गाडी प्रत्येक खेपेस एक हजार रुपये घेते आणि लग्नसराईत तीही मिळत नाही. भगिनींनी स्वतः वाहन चालविण्याचा परवाना काढला आहे. पतसंस्थेतील 2,25,000 रुपयांची ठेव मोडून गाडी घ्यावी, असा विचार घरात चालू आहे. दोन गाड्या पाहण्यात आल्या आहेत. पहिली 2013 ची पेट्रोलची लहान गाडी. मालक पहिलाच, जयसिंगपूरहून कोल्हापुरास रोज नोकरीसाठी ये-जा करणारा. मीटरवर 1,48,000 किलोमीटर आणि किंमत 1,65,000 रुपये. दुसरी 2012 ची डिझेलची मोठी, दिसायला देखणी गाडी. मालक तिसरा, नोंदणी बेळगावची, मीटरवर 68,000 किलोमीटर आणि किंमत 1,40,000 रुपये. घरातील सर्वांचा कल दुसऱ्या गाडीकडे आहे. भगिनी विचारतात, "दीड लाख किलोमीटर चाललेली गाडी घेणे म्हणजे दुसऱ्याचे दुखणे विकत घेणे नव्हे काय?"

प्रश्न दोन गाड्यांचा दिसत असला तरी त्यापूर्वी एक प्रश्न आहे. मुळात गाडी घ्यावी काय? तो हिशेब आधी मांडू.

आठवड्यास तीन याप्रमाणे वर्षाच्या 156 खेपा होतात. भाड्याच्या गाडीचे वर्षाचे 1,56,000 रुपये झाले. आता स्वतःच्या गाडीचा खर्च पाहा. डायलिसिसच्या खेपांचे अंतर वर्षाला 7,800 किलोमीटर. घरची इतर कामे धरून ते 10,000 धरू. लिटरला 14 किलोमीटर आणि पेट्रोल 105 रुपये धरले, तर इंधनाचे 75,000 रुपये. विमा व इतर किरकोळ शुल्काचे 6,000. जुन्या गाडीच्या देखभालीचे, मोठे काम न निघाल्यास, 25,000. गाडीत एकूण दोन लाख रुपये गुंतवले आणि चार वर्षांनी तिचे 60,000 आले, तर दर वर्षाची घट 35,000. मोडलेल्या ठेवीचे सात टक्क्यांनी बुडालेले व्याज 14,000. सर्वांची बेरीज 1,55,000 रुपये.

म्हणजे भाड्याच्या आणि स्वतःच्या गाडीचा खर्च जवळजवळ सारखाच आहे. स्वतःच्या गाडीत दोन हजारांहून अधिक किलोमीटरचा इतर प्रवास होतो, एवढाच काय तो लाभ. "गाडी घेतली की पैसे वाचतील" हा समज म्हणूनच मनातून काढून टाकावा. या घरासाठी गाडीचे मोल निराळे आहे. रात्री श्वास लागला तर कोणाचे दार ठोठवावे लागणार नाही, आणि डायलिसिसची वेळ दुसऱ्याच्या सवडीवर राहणार नाही. डायलिसिसची एखादी खेप चुकली, तरी शरीरात पाणी आणि पोटॅशियम साठू लागते व त्याचा ताण हृदयावर येतो. तेव्हा या घराला जी गाडी हवी, तिचा पहिला गुण विश्वासूपणा. रूप, आकार, दिमाख हे सारे त्यानंतर. ही कसोटी एकदा ठरली की पुढचे पुष्कळ प्रश्न आपोआप सुटतात.

आता मीटरवरील आकड्याकडे वळू. एक लाख किलोमीटर म्हणजे गाडीचे म्हातारपण, ही समजूत आपल्याकडे खोल रुजली आहे. जुन्या अनेक गाड्यांच्या मीटरला पाचच घरे असत. 99,999 झाले की मीटर पुन्हा शून्यावर येई आणि तेथेच गाडीचे एक आयुष्य संपले असे लोक मानीत. आजचे पेट्रोल इंजिन, त्याचे ऑइल वेळच्या वेळी बदलले असेल आणि ते कधी पाण्यावाचून तापले नसेल, तर दीड-दोन लाख किलोमीटर सहज काढते. शिवाय सर्व किलोमीटर सारखे नसतात. इंजिनाची अधिक झीज थंड अवस्थेत सुरू होताना होते, आणि क्लच, गिअर व ब्रेक झिजतात ते गर्दीतील थांब-चाल प्रवासात. जयसिंगपूर ते कोल्हापूर असा रोज एका गतीने, तापलेल्या इंजिनावर झालेला प्रवास गाडीला त्यामानाने सुखाचा. उलट बाजारपेठेत दिवसातून दहा वेळा चालू-बंद झालेली गाडी कमी किलोमीटरांतही थकते. महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडीही निर्दोष राहत नाही. तिचे टायर कडक होतात, रबरी नळ्या वाळतात, बॅटरी निकामी होते.

तेव्हा आकडा किती, यापेक्षा त्या आकड्याला पुरावा काय, हे महत्त्वाचे. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. खराब निघालेल्या गाडीला अमेरिकेत बोलीभाषेत 'लेमन', म्हणजे लिंबू, म्हणतात. तोच शब्द त्याने निबंधाच्या शीर्षकात घेतला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. चांगली कोणती व वाईट कोणती हे ओळखता येत नसल्याने घेणारा सर्वच गाड्यांना मध्यम किंमत देऊ करतो. ती किंमत चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, म्हणून तो बाजारातून निघून जातो. वाईट गाडीच्या मालकाला मात्र ती लाभाची वाटते. अशा रीतीने बाजारात वाईट मालाचेच प्रमाण वाढत जाते. पुढे 2001 मध्ये अकरलॉफला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे हा विचार मुख्य होता. आपल्यापुरता त्यातून घ्यावयाचा बोध हा की, जुन्या गाडीच्या व्यवहारात माहितीलाच मोल असते. जो मालक गाडीचा इतिहास कागदावर दाखवू शकतो, त्याच्या गाडीला दहा-वीस हजार अधिक द्यावे लागले तरी ते वाया जात नाहीत.

या दृष्टीने दोन्ही गाड्या पुन्हा पाहा. पहिल्या गाडीच्या मालकाकडे सर्व्हिसिंगच्या पावत्या आहेत, असे पत्रात लिहिले आहे. प्रत्येक पावतीवर तारीख आणि त्या दिवशीचे मीटर असते. हे आकडे क्रमाने वाढत 1,48,000 पर्यंत येत असतील, तर तो आकडा खरा मानण्यास हरकत नाही. दुसऱ्या गाडीची एकही पावती नाही. मीटर मागे फिरविणे हा आपल्याकडे जुनाच उद्योग आहे आणि मीटरचे आकडे डिजिटल झाल्यामुळे तो बंद पडलेला नाही. पण गाडीचे अंग खोटे बोलत नाही. क्लच व ब्रेकच्या पायट्यांवरील रबर गुळगुळीत झाले आहे काय? स्टिअरिंग हाताच्या घामाने चकाकते काय? चालकाच्या आसनाची दाराकडील कड बसली आहे काय? टायरच्या कडेवर चार आकड्यांचा शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 सालातील 23 वा आठवडा. गाडी 68,000 किलोमीटर चालली म्हणावे आणि टायरचा तिसरा संच चालू असावा, हे जुळत नाही. भगिनींनी लिहिले आहे की दुसऱ्या गाडीच्या आसनांना नवीन कव्हरे घातलेली आहेत आणि पायट्यांचे रबरही कोरे आहे. बारा वर्षांच्या गाडीच्या पायट्या कोऱ्या असतील, तर त्या बदललेल्या आहेत. त्या का बदलाव्या लागल्या, हे विचारावे.

त्यातून ती गाडी डिझेलची आहे. जुन्या डिझेल गाडीचे इंजेक्टर, टर्बो, इंधनाचा पंप यांपैकी एखादा भाग गेला तर तीस-चाळीस हजारांचे काम सहज निघते. डिझेलची बचत भरपूर धावणाऱ्याला होते. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालविणाऱ्याची ती बचत अशा एका दुरुस्तीतच संपते.

पहिली गाडीही केवळ पावत्या पाहून घेऊ नये. आपल्या ओळखीचा, विकणाऱ्याशी ज्याचे देणेघेणे नाही असा मेस्त्री बरोबर न्यावा आणि त्याला त्याची मजुरी द्यावी. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. आपण पोहोचण्यापूर्वीच इंजिन तापवून ठेवले असेल तर बॉनेटला हात लावताच कळते. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. सुरू करताना व नंतर मागील धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते. इंजिन तापल्यावरही पांढरा दाट धूर येत असेल तर पाणी आत शिरत असण्याचा संभव. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर ऑइलमध्ये पाणी मिसळले आहे असा संशय घ्यावा आणि तेथूनच परतावे. टायमिंग बेल्ट असलेली गाडी असेल तर तो केव्हा बदलला याची पावती मागावी. हा पट्टा चालत्या गाडीत तुटला तर इंजिनच उघडावे लागते. चढावर क्लच घसरतो काय, खड्ड्यात खालून आवाज येतो काय, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सैल धरल्यास गाडी एका बाजूस ओढते काय, हे चालवून पाहावे. 2019 व 2021 च्या पुरात कृष्णा-पंचगंगेच्या काठी असंख्य वाहने पाण्याखाली होती, म्हणून आपल्या भागात आणखी एक तपासणी हवी. गालिचा उचलून खालचा पत्रा, आसनांचे रूळ आणि सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याचे आतील टोक पाहावे. गंज, वाळलेला गाळ किंवा कुबट वास आढळला तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

सुटे भाग कोठे मिळतात, हाही प्रश्न विचारला पाहिजे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीतळावर कित्येक दशके धावली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 2003 मधील. मुंबईतील टॅक्सीला असलेली वीस वर्षांची मर्यादा भरल्यामुळे ती 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. कारखान्यातील उत्पादन थांबल्यावरही ही गाडी इतकी टिकली, कारण तिचा प्रत्येक भाग शहरात मिळत होता आणि प्रत्येक मेस्त्रीला ती उघडता येत होती. जयसिंगपूर, सांगली वा इचलकरंजीत जिचे भाग त्याच दिवशी मिळतात, ती साधी गाडी आपल्या कामाची. ज्या गाडीच्या भागासाठी आठ दिवस पुण्याची वाट पाहावी लागते, ती रुग्णाच्या घराला उपयोगी नाही.

आता कागदपत्रे. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे गाडीची तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करता येते. 2013 च्या गाडीची मुदत 2028 मध्ये संपेल. त्या वेळी नूतनीकरणाचे शुल्क आणि महाराष्ट्राचा पर्यावरण कर भरावा लागेल, हे आजच ध्यानात ठेवावे. एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसविली आहे किंवा नाही हेही पाहावे. बेळगावच्या गाडीचा मार्ग आणखी लांबचा आहे. परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची तर येथील क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी तेथील कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र आणि गाडीच्या वयानुसार महाराष्ट्राचा कर लागतो. आधी भरलेल्या कराचा परतावा मिळू शकतो, परंतु त्यासाठी पहिल्या राज्यात खेटे घालावे लागतात. सीमाभागातील आपल्या अनेक घरांत दोन्ही राज्यांची वाहने असतात आणि "कोण विचारतो?" म्हणून हे काम पुढे ढकलले जाते. स्वस्त दिसणाऱ्या किमतीत हा खर्च मिळवून मगच तुलना करावी.

आरसीवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा नाही ना, हे शासनाच्या परिवहन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून पाहता येते. थकलेले दंडही तेथेच कळतात. कर्ज फिटले असले तरी बोजा कागदावरून उतरविलेला नसतो, असे पुष्कळदा आढळते. तो विकणाऱ्यानेच उतरवून द्यावा. मुद्रांक कागदावर विक्रीचा करार करून चावी दिली की व्यवहार पुरा झाला, हा गैरसमज मात्र घातक आहे. नमुना 29 व 30 भरून परिवहन कार्यालयात मालकीची नोंद बदलली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितले की, अपघाताच्या दिवशी ज्याचे नाव नोंदणीत आहे, त्याच्यावरच भरपाईची जबाबदारी येते, मग त्याने गाडी पूर्वीच विकलेली का असेना. म्हणून ही नोंद जितकी घेणाऱ्याच्या हिताची, तितकीच विकणाऱ्याच्याही. विमाही खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करावा. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तेव्हा हप्त्यात थोडा फरक पडेल.

सुरक्षेविषयीही स्पष्ट लिहिले पाहिजे. चालकाची एअरबॅग आणि एबीएस ब्रेक नव्या गाड्यांना 2019 पासून सक्तीचे झाले. त्यापूर्वीच्या स्वस्त प्रकारांत ते बहुधा नसतात. दोन सारख्या गाड्यांपैकी एकीत ते असतील तर तिला झुकते माप द्यावे. नसतील तर निदान चार चांगले टायर, ठाकठीक ब्रेक आणि मागील आसनांचे चालू सीटबेल्ट यांवर एक रुपयाही वाचवू नये. डायलिसिसनंतर थकलेला रुग्ण मागे बसून परतणार आहे, हे विसरू नये.

या सर्वांचा मेळ घालून आमचे मत असे आहे. डिझेलची गाडी सोडून द्यावी. पेट्रोलची गाडी, मेस्त्रीच्या तपासणीत इंजिन व गिअर निर्दोष ठरल्यास, घेण्यास योग्य आहे. परंतु 1,65,000 रुपयांना नव्हे. मेस्त्रीने टायर, बॅटरी, क्लच, सस्पेन्शन, ब्रेक व ऑइल मिळून सुमारे पन्नास हजारांचे काम सांगितले आहे. नावावर करण्याचे व विम्याचे पाच हजार धरावे. गाडी 1,45,000 ला मिळाली तर एकूण दोन लाख होतात आणि पंचवीस हजार हाती राहतात. मागितलेली किंमत दिली तर हाती पाचच हजार उरतात. मग पहिल्या बिघाडालाच गाडी गॅरेजच्या दारात पडून राहील, आणि भाड्याच्या गाडीलाही पैसे नसतील. जुन्या गाडीच्या किमतीत ही राखीव रक्कम धरलेलीच असली पाहिजे. ती ज्याच्याजवळ नाही, त्याला स्वस्त गाडी परवडत नाही. मालक 1,45,000 ला तयार नसेल तर नम्रपणे नमस्कार करून यावे आणि आणखी दोन महिने भाड्याच्या गाडीवर काढावेत. तेवढ्याने 26,000 रुपये जातील खरे, पण चुकीच्या गाडीत दोन लाख अडकण्यापेक्षा ते बरे.

गाडी घेतल्यावरही त्या भाड्याच्या गाडीवाल्याशी संबंध तोडू नये. महिन्यातून एखादी खेप त्याच्याकडून करावी. आपली गाडी दुरुस्तीला असेल त्या दिवशी तोच उपयोगी पडेल.

आणि एक गोष्ट भगिनींच्या घरातील वडीलधाऱ्यांसाठी. "एवढे पैसे घालून इतकी चाललेली गाडी आणली?" असे चार लोक विचारतील. त्यांना गाडी दिवाणखान्यातून दिसते. तिच्यात बसून पहाटे सहाला मिरजेस जायचे आहे ते आपल्याला. खरा आकडा आणि खरा इतिहास असलेली दीड लाखाची गाडी, खोटा आकडा असलेल्या 68,000 च्या गाडीपेक्षा केव्हाही तरुण असते.

जे वाचक आज आपली गाडी विकावयास काढणार असतील, त्यांनाही एवढेच सांगावयाचे. पावत्या जपून ठेवा, दोष असेल तो आधी सांगा आणि त्याप्रमाणे किंमत कमी करा. घेणाऱ्या घरात कोण रुग्ण आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.